बीटा ब्राउझरवर प्रतिक्रिया: ‘शेतकऱ्यांना’ तुटलं, सही अडली, टॅब पडला, तर नेमकं काय लिहून पाठवायचं

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला कॉलेज रोडवर ऑनलाइन अर्ज, सातबारा, जीएसटी आणि द्राक्ष निर्यातीची कागदपत्रं भरून देणारं छोटं कार्यालय आहे. तिथल्या एका संगणकावर फायरफॉक्सचा नवा बीटा, म्हणजे सर्वांकडे येण्याआधीची चाचणीची आवृत्ती, टाकला आणि तीन गोष्टी बिघडल्या. ‘शेतकऱ्यांना’सारखे शब्द तुटून दिसू लागले, डिजिटल सहीचं टोकन ओळखलं जाईना, आणि मधूनच टॅब पडू लागला. ‘मराठी चालत नाही, सही होत नाही, बीटा खराब आहे’ अशी एकच प्रतिक्रिया पाठवली. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. चुकलं काय आणि आता करायचं काय?

चुकलं ते एकत्र पाठवण्यात. अक्षरं मांडणारा विभाग वेगळा, प्रमाणपत्रं आणि टोकन बघणारा वेगळा, क्रॅश बघणारा वेगळा. तीन तक्रारी एका पत्रात आल्या की ती कुणाच्याच टेबलावर जात नाही. एक बिघाड, एक तक्रार. ‘खराब आहे’ यातून दुरुस्त करणाऱ्याला काही सापडत नाही. त्याला तोच बिघाड स्वतःच्या संगणकावर पुन्हा घडवून बघायचा असतो. त्याला मराठी येत नाही, नाशिकचं तुमचं कार्यालय त्याने पाहिलेलं नाही, तुमचं लॉगिन त्याच्याकडे नाही. तरीही त्याला पाच मिनिटांत बिघाड दिसला पाहिजे, इतकं बारीक लिहावं लागतं.

दुसरी गोष्ट वेळेची. फायरफॉक्सचं चक्र २०२० पासून साधारण चार आठवड्यांचं आहे. क्रोमचं २०२१ मध्ये सहा आठवड्यांवरून चारवर आलं. नवा बदल आधी नाइटलीत, म्हणजे रोज बनणाऱ्या कच्च्या आवृत्तीत येतो, मग बीटात, मग सर्वांकडे. दुरुस्तीही आधी नाइटलीत होते आणि जोखीम कमी असेल तरच बीटात उचलून घेतली जाते. म्हणून बीटाच्या पहिल्या दीड-दोन आठवड्यांत गेलेल्या तक्रारीला खरं वजन असतं. शेवटच्या आठवड्यात फक्त गंभीर मोडतोड हाताळतात, बाकी पुढच्या आवृत्तीवर जातं. तुमची तक्रार तीन आठवडे पडून राहिली याचा अर्थ हे चक्र बहुतेक निसटलं. पण बिघाड पुढच्या बीटातही असेलच, तेव्हा पुढचं सगळं करण्यासारखं आहे.

आधी संगणकाची मांडणी. रोजच्या कामाच्या प्रोफाइलवर, म्हणजे तुमचे बुकमार्क, पासवर्ड आणि सेटिंग्ज असलेल्या फोल्डरवर, बीटा चालवू नका. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचा हंगाम, कंटेनरची कागदपत्रं त्याच दिवशी जायला हवीत. त्या संगणकावर नेहमीची रिलीज आवृत्तीच असू द्या आणि बीटा दुसऱ्या यंत्रावर किंवा निदान वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या प्रोफाइलमध्ये ठेवा. इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ निवडून फोल्डर कोणता आहे ते डोळ्यांनी बघा, नाहीतर बीटा जुन्या आवृत्तीवरच बसू शकतो. पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट’, कोलन, ‘प्रोफाइल्स’ असं इंग्रजीत जोडून टाइप केलं की सगळी प्रोफाइलं आणि त्यांचे फोल्डर दिसतात. बीटाने वापरलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत परत उघडायला गेलात तर फायरफॉक्स ६७ पासून तो अडवतो आणि नवं प्रोफाइल करायला सांगतो. बुकमार्क आणि पासवर्ड गेल्याची धास्ती बहुतेकदा याच वेळी बसते. ते गेलेले नसतात, जुन्या फोल्डरमध्ये असतात. तरी बीटा टाकण्याआधी ब्राउझर बंद करून तो फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. विंडोज ७ किंवा ८ असलेल्या जुन्या यंत्रावर हा उद्योग करूच नका. त्यांच्यासाठी फायरफॉक्सची ११५ ईएसआर (दीर्घ आधाराची आवृत्ती) आणि क्रोमची १०९ हीच शेवटची गाडी होती.

नवं, कोरं प्रोफाइल हीच पहिली चाचणीही आहे. तिथे बिघाड दिसला नाही तर तो एखाद्या एक्स्टेन्शनचा (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचा) किंवा बदललेल्या सेटिंगचा असतो. जुन्या प्रोफाइलवर शिफ्ट दाबून ब्राउझर सुरू केला की ट्रबलशूट मोड येतो. त्यात एक्स्टेन्शन, थीम आणि ग्राफिक्स कार्डाची मदत बंद असते. त्यात बिघाड गेला की एक्स्टेन्शन एकेक करून चालू करा आणि दोषी पकडा. यातून पार पडलेला बिघाडच ब्राउझरच्या खात्यावर टाका.

आता मराठी. इथे जरा थांबतो, कारण हे काम आपल्याशिवाय कुणी करणार नाही. ‘तुटून दिसतं’ हे एक वर्णन झालं, पण तुटण्याचे प्रकार निदान चार आहेत आणि प्रत्येकाचं कारण निराळं आहे.

अक्षराच्या जागी चौकोन दिसतो, तेव्हा फॉन्टमध्ये ते अक्षरच नसतं. ‘ॲ’ हे याचं नेहमीचं उदाहरण. ते युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात) २००८ मध्ये ५.१ आवृत्तीत आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नाही. ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्याला लटकलेली मात्रा दिसते, तेव्हा मात्रेला आधाराचं अक्षर मिळालेलं नसतं. माहितीतच क्रम चुकलेला असतो किंवा पानाने शब्द मधोमध दोन तुकड्यांत टाकलेला असतो. जोडाक्षराऐवजी पाय मोडलेलं अक्षर उघडं दिसतं, तेव्हा फॉन्टमध्ये ते जोडाक्षर नसतं किंवा मध्ये शून्य रुंदीचा ‘नॉन-जॉइनर’, म्हणजे अक्षरं जुळू न देणारं न दिसणारं चिन्ह, शिरलेला असतो. आणि अक्षरं बरोबर असूनही शिरोरेषा मधे मधे फुटते, तेव्हा पान बनवणाऱ्याने लेटर-स्पेसिंग (अक्षरांमध्ये जादा अंतर) दिलेलं असतं. हा शेवटचा दोष संकेतस्थळाचाच. बाकी तिन्हींत ब्राउझर दोषी असू शकतो, पण ते सिद्ध करावं लागतं.

सिद्ध कसं करायचं? तुटलेला शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथेही तुटला तर माहिती किंवा फॉन्ट बिघडलेला आहे. तिथे नीट दिसला तर पानावर राइट क्लिक, ‘इन्स्पेक्ट’, मग ‘फॉन्ट्स’चा कप्पा उघडा. पानाने मागितलेला फॉन्ट आणि प्रत्यक्षात वापरला गेलेला फॉन्ट हे दोन वेगळे असू शकतात, आणि तिथे खरा वापरलेला दिसतो. क्रोममध्ये हीच माहिती ‘कम्प्युटेड’च्या अगदी तळाला ‘रेंडर्ड फॉन्ट्स’ म्हणून येते. विंडोज १० पासून देवनागरीसाठी मुख्य फॉन्ट निर्मला यूआय आहे. मंगल, कोकिळा, अपराजिता हे वेगळ्या पूरक संचात गेले. त्यामुळे ‘मंगल’ मागणारं जुनं सरकारी पान एका संगणकावर एक दिसतं, शेजारच्यावर दुसरं. हा फरक बीटाच्या माथी मारू नका. दोन्ही आवृत्त्या एकाच संगणकावर, एकाच फॉन्टने तपासा.

‘शेतकऱ्यांना’ या शब्दाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. दिसायला एकच असलेला हा शब्द तीन प्रकारे साठवलेला सापडतो. पहिला, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, क्रमांक यू+०९३१, मग हलन्त, मग य: शेतकऱ्यांना. दुसरा, साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जॉइनर, यू+२००डी, मग य: शेतकर्‍यांना. तिसरा, साधा र, हलन्त, य: शेतकर्यांना, म्हणजे ‘सूर्या’तला रफार, जो इथे चूकच. पानाच्या मागच्या सॉफ्टवेअरने न दिसणारी चिन्हं गाळली की दुसऱ्याचा तिसरा होतो. फॉर्म भरताना नीट दिसलेलं नाव पावतीवर बिघडतं ते यामुळे, आणि त्यात ब्राउझरचा हात नसतो. शोधपेटीत पहिल्या प्रकारे टाइप केलेलं नाव दुसऱ्या प्रकारे साठवलेल्या यादीत सापडत नाही, हेही त्यामुळेच. ‘ॲग्रो’चं तसंच: एक ‘ॲ’ हे एकसंध अक्षर, दुसरं ‘अ’वर अर्धचंद्र. वर्डमध्ये अक्षराच्या पुढे कर्सर ठेवून आल्ट आणि एक्स दाबलं की त्याचा क्रमांक दिसतो. तक्रारीत तो क्रमांक द्या. मराठी न येणाऱ्या माणसाला अक्षराच्या चित्रापेक्षा क्रमांक पटकन कळतो. इनस्क्रिप्ट पाटीवर ‘ऱ’ शिफ्ट आणि जे वर आहे, म्हणजे पहिला प्रकार टाइप करणं अवघड नाही. नव्या नोंदी त्याच प्रकारे करा.

ल आणि श यांचा मराठी वळणाचा प्रश्नही वारंवार येतो. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि पानाने भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली असेल तरच मराठी वळण येतं. पानावर भाषा हिंदी नोंदवली असेल किंवा काहीच नसेल तर हिंदी वळण येणारच. ‘इन्स्पेक्ट’मध्ये पानाच्या पहिल्या ओळीत भाषेचा कोड बघा. तो मराठीचा असून, फॉन्टमध्ये वळण असून, आधीच्या आवृत्तीत ते येत असून बीटात येत नसेल, तर तो अस्सल बग आहे आणि नक्की पाठवा.

कर्सरची चाल बदलली तर लगेच घाबरू नका. युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये, देवनागरी जोडाक्षर हा एकच घटक धरायचा नियम आला. त्यामुळे पूर्वी बाणाच्या कळीने ‘क्ष’मध्ये दोन पावलं लागत असतील तिथे नव्या आवृत्तीत एक लागू शकतं. हा ठरवून केलेला बदल आहे. बॅकस्पेसने मात्र शेवटची मात्रा किंवा खूण एकेक करून जाणं हेही अपेक्षितच. पण फोनेटिक कीबोर्डने टाइप करताना शेवटचं अक्षर दोनदा उमटणं, किंवा फॉर्मचा पुढचा रकाना उघडला की आधीच्यातला अर्धा शब्द गायब होणं, हे बग असू शकतात. तिथे कीबोर्डचं नेमकं नाव, इनस्क्रिप्ट की फोनेटिक, विंडोजचा की आणखी कुणाचा, हे लिहिल्याशिवाय तक्रार अपुरी राहते.

दर नव्या बीटाला दहा मिनिटांची चाचणी करायची तर आपल्या जिल्ह्याची नावं फार उपयोगाची आहेत. ‘त्र्यंबकेश्वर’मध्ये तीन व्यंजनांचं जोडाक्षर आणि वर अनुस्वार. ‘सप्तशृंगी’त श ला ऋकार. ‘ब्रह्मगिरी’त ह्म. ‘कळवण’मध्ये ळ. ‘सातबाऱ्यावर’मध्ये ऱ्या. हे पाच शब्द एका साध्या एचटीएमएल फाइलमध्ये लिहा, वर युटीएफ-८ आणि भाषा मराठी अशी नोंद ठेवा. ती फाइल रिलीज आणि बीटा दोन्हींत शेजारी शेजारी उघडा, छापण्याआधीचं प्रीव्ह्यू बघा, पीडीएफ म्हणून साठवून बघा. फरक दिसला तर तीच फाइल तक्रारीला जोडा. लॉगिनमागच्या सरकारी पानापेक्षा ही पाच शब्दांची फाइल शंभरपट मोलाची, कारण ती जगात कुणालाही उघडता येते.

पीडीएफचा एक खुलासा. पीडीएफमधलं मराठी दिसतं नीट, पण कॉपी केल्यावर खिचडी होते, ही तक्रार बहुतेक वेळा ब्राउझरची नसते. पीडीएफ बनवताना अक्षराच्या आकारापासून युनिकोडकडे जाणारा तक्ता घातलेला नसतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये बनवलेल्या पीडीएफमध्ये तर मुळात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. दुसऱ्या पीडीएफ वाचकातही तीच खिचडी आली तर विषय तिथेच संपवा.

आता सही. टोकनची तक्रार बीटाच्या नावाने पाठवण्याआधी एक गोष्ट आठवा: तुम्ही नवं प्रोफाइल केलं. फायरफॉक्समध्ये टोकनचं ड्रायव्हर मॉड्यूल ‘सिक्युरिटी डिव्हायसेस’मध्ये घालावं लागतं, आणि ते प्रत्येक प्रोफाइलला वेगळं. सही करणारा मदतनीस प्रोग्राम संगणकावरच, १२७.०.०.१ या पत्त्यावर एखाद्या पोर्टवर ऐकत बसतो. जीएसटीच्या ईएमसाइनरचं पोर्ट १५८५ आहे. त्याच्या प्रमाणपत्राला तुम्ही पूर्वी कधीतरी ‘अपवाद मान्य’ केलेलं असतं. तो अपवादही प्रोफाइलसोबतच राहतो. नव्या प्रोफाइलमध्ये तो नसल्यामुळे सही अडते आणि दोष बीटाला लागतो. म्हणून आधी मदतनीस प्रोग्राम चालू आहे ना ते बघा, त्याचा पत्ता थेट ब्राउझरमध्ये उघडून अपवाद द्या, मॉड्यूल घाला, मग पुन्हा करून बघा. क्रोमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत संकेतस्थळाने याच संगणकावरच्या किंवा आतल्या नेटवर्कवरच्या सेवेला हाक मारली तर परवानगी विचारली जाते. घाईत ‘नाही’ दाबलं गेलं की पुढे दर वेळी सही मुकाट्याने फसते. पत्त्याशेजारच्या खुणेवर क्लिक करून ती परवानगी परत देता येते. एवढं करूनही रिलीजमध्ये सही होते आणि बीटात होत नाही, अशी स्थिती उरली तर ती तक्रार पक्की.

संकेतस्थळ उघडतं पण पैसे भरून परत आल्यावर लॉगिन जातं, असंही घडतं. फायरफॉक्सने जून २०२२ पासून कुकीज संकेतस्थळागणिक वेगळ्या ठेवायला सुरुवात केली, आणि पैसे भरण्याची जुनी व्यवस्था तिथे अडखळू शकते. पत्त्याच्या डावीकडची ढाल त्या पानापुरती बंद करून बघा. त्याने काम झालं तर मेनूतल्या ‘रिपोर्ट ब्रोकन साइट’मधून कळवा आणि ढाल बंद केल्यावर चाललं हे आवर्जून लिहा.

टॅब पडण्याबद्दल फार लिहावं लागत नाही, कारण इथे यंत्रच बोलतं. ‘अबाउट’, कोलन, ‘क्रॅशेस’ उघडा. न पाठवलेले अहवाल असतील तर पाठवा. पाठवल्यावर ‘बीपी’ने सुरू होणारा लांब क्रमांक मिळतो, त्याचे शेवटचे सहा आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो क्रमांक तक्रारीत चिकटवला की दुरुस्त करणाऱ्याला थेट कोडची ओळ दिसते. सोबत एकच वाक्य: त्या क्षणी काय चाललं होतं. चार जीबी रॅमच्या यंत्रावर तीसेक टॅब उघडे ठेवून पडणारा टॅब हा वेगळा मामला आहे. ‘अबाउट’, कोलन, ‘प्रोसेसेस’मध्ये किती स्मृती खाल्ली जाते ते आधी बघा. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा. पान पडत नाही पण रखडतं, अशा वेळी फायरफॉक्स प्रोफायलरने रखडण्याचे पाच-दहा सेकंद नोंदवा. नोंद चढवताना संकेतस्थळांचे पत्ते गाळण्याची खूण तपासा. पान पांढरं पडत असेल किंवा चमकत असेल तर ‘परफॉर्मन्स’मध्ये हार्डवेअर ॲक्सलरेशन बंद करून बघा. बिघाड गेला तर ग्राफिक्स कार्डाचं नाव आणि ड्रायव्हरची आवृत्ती कळवा. ती ‘अबाउट’, कोलन, ‘सपोर्ट’मध्ये ‘ग्राफिक्स’खाली असते.

आता लिहायचं कसं. बगझिलावर, म्हणजे फायरफॉक्सच्या जाहीर तक्रारनोंदीवर, खातं उघडा आणि इंग्रजीत, लहान वाक्यांत लिहा. व्याकरण चुकलं तर काही बिघडत नाही, पायऱ्या चुकल्या तर बिघडतं. अक्षरांच्या तक्रारीसाठी प्रॉडक्ट ‘कोर’ आणि घटक ‘लेआउट: टेक्स्ट अँड फॉन्ट्स’ निवडा, टायपिंग आणि कर्सरसाठी ‘डॉम: एडिटर’, पीडीएफसाठी ‘फायरफॉक्स’खालचा ‘पीडीएफ व्ह्यूअर’. मजकुराचा नमुना मराठीत असा:

शीर्षक: ऱ + हलन्त + य हे जोडाक्षर निर्मला यूआय फॉन्टमध्ये उघड्या हलन्तासह तुटतं, आधीच्या रिलीजमध्ये नीट होतं.
पायऱ्या: १. जोडलेली फाइल उघडा. २. दुसरी ओळ बघा. ३. १५० टक्के झूम करून पुन्हा बघा.
अपेक्षित: य ला चंद्रकोरीसारखा अर्धा र जोडलेला, चित्र १.
प्रत्यक्ष: र खाली हलन्त आणि पुढे सुटा य, चित्र २.
दर वेळी होतं की कधीकधी: दर वेळी, कोऱ्या प्रोफाइलमध्येही.
यंत्र: विंडोज ११, आवृत्ती आणि बिल्ड आयडी, वापरलेला फॉन्ट.
अक्षरांचे क्रमांक: यू+०९३१, यू+०९४डी, यू+०९२एफ.

बिल्ड आयडी चुकवू नका. एकाच बीटाच्या क्रमांकाखाली आठवड्यातून एकापेक्षा जास्त बांधण्या येतात. ‘सपोर्ट’च्या पानावरचा चौदा अंकी आकडा म्हणजे त्या बांधणीची तारीख आणि वेळ. ‘काल चालत होतं’ याला त्याच आकड्याने अर्थ येतो. सेटिंग्जमध्ये अपडेटचा इतिहास दिसतो, त्यावरून शेवटची चांगली आवृत्ती सांगा. हौस आणि बरं इंटरनेट असेल तर मोझरिग्रेशन हे साधन वापरा. ते जुन्या नाइटली उतरवून, दर वेळी ‘चांगली की वाईट’ विचारत, शक्यता निम्म्या करत जातं. महिन्याभराच्या बांधण्यांतून दोषी दिवस शोधायला पाचेक फेऱ्या लागतात. नेमका दिवस सापडलेली तक्रार सहसा मागे पडत नाही, कारण बदल करणारा माणूसच सापडतो.

क्रोमच्या बीटासाठी आल्ट, शिफ्ट आणि आय ही कळ, किंवा क्रोमियमची बगनोंद. तिथेही घडण तीच.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. चित्रात सातबारा, आधार क्रमांक, शेतकऱ्याचं नाव, बँकेचा खातेक्रमांक दिसता कामा नये. बगझिलावरची तक्रार साऱ्या जगाला दिसते. खोट्या नावाने फॉर्म भरून चित्र काढा, किंवा तेवढा भाग काळा करा. पुसट करू नका, पुसट केलेलं वाचता येऊ शकतं. नेटवर्कची एचएआर फाइल कुणी मागितली तरी उघडपणे जोडू नका, तिच्यात लॉगिनच्या कुकीज असतात. बिघाड सुरक्षेचा वाटला, म्हणजे एकाची माहिती दुसऱ्याला दिसली, तर तक्रार भरतानाच सुरक्षेची चौकट खूण करा. मग ती मोजक्या लोकांनाच दिसते.

पाठवल्यावर ईमेल बघत राहा. ‘नीडइन्फो’ अशी खूण आली की तुम्हाला प्रश्न विचारलेला असतो. उत्तर गेलं नाही तर तक्रार ‘इन्कम्प्लीट’ म्हणून बंद होते. ‘डुप्लिकेट’ आलं तर वाईट वाटून घेऊ नका. तीच तक्रार आधीच नोंदलेली आहे, तिथे जाऊन तुमची फाइल आणि बिल्ड आयडी जोडा. ‘वर्क्स फॉर मी’ आलं तर त्यांच्याकडे बिघाड घडला नाही. बहुतेक वेळा फरक फॉन्टचा असतो, म्हणून वापरला गेलेला फॉन्ट पुन्हा सांगा. आणि ‘फिक्स्ड’ आल्यावर एक-दोन दिवसांत नाइटली उतरवून तीच पाच शब्दांची फाइल उघडा, छापून बघा, आणि नीट झालं की नाही ते नव्या बिल्ड आयडीसकट तिथेच लिहा. मराठी वाचणारा तपासनीस त्या खोलीत बहुधा तुम्हीच एकटे असता.